ख्रिस्ती प्राथमिक शाळा : तिचें ध्येय व तिची कसोटी

शाळाप्रवेशाचे दिवस आले म्हणजे शाळांच्या दारांपुढें पालकांची गर्दी होते. कल्याणच्या पुढें उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन शहरें एकाच लोहमार्गावर एकामागून एक वसलेलीं आहेत. तेथील गर्दींत सिंधी व्यापारी असतो, कारखान्यांतला मराठी कामगार असतो, रोज मुंबईस कचेरीला जाणारा कारकून असतो आणि परप्रांतांतून पोटासाठीं आलेला मजूरही असतो. एखाद्या ख्रिस्ती संस्थेची शाळा असली तर तेथें हे सर्वच येतात, आणि त्यांत ख्रिस्ती पालक थोडेच असतात. याच शाळेंत मुलाला कां घालावयाचें, असें विचारलें तर बहुधा एकच उत्तर मिळतें : शिस्त चांगली आणि इंग्रजी चांगलें. त्या शाळेनें स्वतः कोणतें ध्येय डोळ्यांपुढें ठेविलें होतें, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. आजच्या भाषणांत त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

‘ख्रिस्ती प्राथमिक शाळा’ या तीन शब्दांपैकीं पहिल्या शब्दाकडे सर्वांचें लक्ष चटकन जातें. परंतु अधिक महत्त्वाचा शब्द दुसरा होय. प्राथमिक शाळेंत येणारें मूल सहा वर्षांचें असतें. गुरुजी जें सांगतील तें त्याला खरें वाटतें. महाविद्यालयांतील विद्यार्थी गुरूशीं मतभेद दाखवूं शकतो. पहिल्या इयत्तेंतील मुलाच्या अंगीं तें सामर्थ्य नसतें. म्हणून एखाद्या धर्मसंस्थेनें लहान मुलांची शाळा चालविली म्हणजे तिच्यावर दुहेरी जबाबदारी पडते. आपल्या धर्मानें जें उत्तम शिकविलें तें मुलाला मनापासून द्यावें, ही एक. आणि मुलाच्या असहायपणाचा लाभ घेऊं नये, ही दुसरी. या दोहोंचा मेळ घालणें हेंच तिचें खरें अवघड काम होय.

या कामाचें मूळ शुभवर्तमानांतील एका प्रसंगांत सांपडतें. आपणांमध्यें श्रेष्ठ कोण, असा वाद शिष्यांमध्यें चालला असतां येशूनें एका बालकास बोलाविलें आणि त्यांच्या मध्यभागीं उभें केलें. मोठ्यांनीं लहानापासून शिकावें आणि लहानाला इजा करणें हें घोर पातक समजावें, असा त्या प्रसंगाचा आशय आहे. पुढें युरोपांत ज्या धर्मनिष्ठ माणसांनीं तो मनावर घेतला, त्यांनीं शाळेचें रूपच पालटलें. मोराविया प्रांतांतील योहान आमोस कोमेनियस या धर्मगुरूनें सतराव्या शतकांत गरीब व श्रीमंत, मुलगे व मुली, सर्वांनाच शिकवावें असें प्रतिपादन केलें, आणि १६५८ सालीं मुलांसाठीं चित्रांचें पाठ्यपुस्तक छापिलें. इंग्लंडांतील ग्लॉस्टर या गांवीं रॉबर्ट रेक्स नांवाच्या वृत्तपत्रकारानें १७८० सालीं रविवारची शाळा चालू केली. कारण गरिबांचीं मुलें इतर दिवशीं कामावर जात. ज्याला दुसरें दार नाहीं त्याला अक्षर मिळवून द्यावें, ही या शाळांमागची मूळ प्रेरणा होती.

महाराष्ट्रांत हा प्रवाह एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं येऊन पोंचला. १८१३ सालीं अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईस उतरले. त्या मिशननें १८२४ सालीं मुंबईंत मुलींची शाळा काढली. १८२७ सालीं सिंथिया फॅरार नांवाच्या अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून आल्या. १८३९ सालीं त्या अहमदनगरला, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरला, गेल्या आणि १८६२ सालीं मृत्यु येईपर्यंत मुलींना शिकवीत राहिल्या. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गरेट हीं १८२९ सालीं मुंबईस आलीं. मार्गरेटबाईंनीं मराठी भाषा आत्मसात केली, मुलींच्या शाळा उघडल्या आणि १८३५ सालीं या भूमींतच देह ठेविला. मुलगी शिकली तर तिच्यावर वैधव्य ओढवेल अशी समजूत ज्या काळीं घरोघरीं होती, त्या काळची ही गोष्ट आहे. शिकूं लागलेल्या मुलीचें लग्न होई आणि तिची पाटी बंद पडे. अशा स्थितींत एकेक मुलगी गोळा करून वर्ग चालविण्यास केवढी चिकाटी लागली असेल, याची कल्पनाच करावी.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. या मंडळींनीं लहान मुलांना शिकविलें तें मुख्यतः मराठींत. मुलानें शाळेंत जें वाचलें तें घरीं आजीला वाचून दाखवितां आलें पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें. धर्मप्रसार हा आपला हेतु त्यांनीं लपवून ठेविला नव्हता; परंतु त्या हेतूसाठींसुद्धां त्यांना मुलाच्या मातृभाषेपाशीं यावें लागलें. अहमदनगर येथें १८४२ सालीं निघालेलें ‘ज्ञानोदय’ हें पत्र याच वृत्तीचें फळ होय.

त्या शाळांची दुसरी थोरवी कळण्यासाठीं धारवाडची एक हकीकत आठवावी. १८५६ सालीं तेथील सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला. त्या एका मुलाला घेतलें तर शाळा इतर बहुसंख्य लोकांच्या उपयोगाची राहणार नाहीं, असें कारण देऊन मुंबई सरकारनें त्याला दाद दिली नाहीं. सर्वांच्या पैशानें चालणारी शाळा, आणि तिचें दार एका मुलाला बंद! अशा काळांत ज्यांना इतरत्र प्रवेश नव्हता अशा कित्येक मुलांना मिशनच्या शाळांत पाटी मिळाली. पदरीं कितीही दोष असले तरी हें श्रेय त्या शाळांकडून कोणी काढून घेऊं शकत नाहीं.

आणि त्यांचें फळ कोठें कोठें पडलें! जोतीराव फुले हे पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. अहमदनगरची फॅरारबाईंची मुलींची शाळा त्यांनीं पाहिली, आणि १८४८ सालीं पुण्यांत भिड्यांच्या वाड्यांत स्वतःची मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनींही अध्यापनाचे पाठ फॅरारबाईंकडे आणि पुण्यास मिचेलबाईंकडे घेतले, असें त्यांचे चरित्रकार लिहितात. फुले दांपत्याच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग जातीच्या बालिकेनें मांगमहारांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांतच प्रसिद्ध झाला. ज्या जातीला अक्षराची सावलीही वर्ज्य होती, त्या जातीच्या मुलीनें जगाला जाब विचारला. प्राथमिक शिक्षणाचें सामर्थ्य याहून स्पष्टपणें दाखविणारें उदाहरण शोधूनही सांपडणें कठीण आहे.

परंतु जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत, हेंही तितकेंच खरें. मिशनऱ्यांविषयीं त्यांना आदर होता, तरी १८७३ सालीं त्यांनीं सत्यशोधक समाजाच्या रूपानें आपली वेगळी वाट काढली. १८८२ सालीं हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढें त्यांनीं जें निवेदन केलें, त्यांत निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें अशी मागणी आहे. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास व भूगोल, शेतीचें प्राथमिक ज्ञान, आणि नीति व आरोग्य यांचे कांहीं पाठ, असा अभ्यासक्रम त्यांनीं सुचविला होता. मिशनच्या शाळेनें त्यांना जें दिलें त्याचा उपयोग कसा करावा, हें त्यांनीं स्वतः ठरविलें. आणि त्यांतूनच महाराष्ट्राला त्याचा सर्वांत मोठा लाभ झाला. ज्या शाळेचा विद्यार्थी असा स्वतंत्र होऊन बाहेर पडतो, त्या शाळेनें आपलें काम उत्तम केलें असेंच म्हटलें पाहिजे.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एरवी हें विवेचन एकांगी होईल. १८४३ सालीं मुंबईंत स्कॉटिश मिशनच्या शाळेंतील नारायण शेषाद्रि या तरुणानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा सुमारें बारा वर्षांचा होता व मिशनऱ्यांकडेच राहूं लागला होता. वडिलांनीं न्यायालयांत धांव घेतली आणि न्यायालयानें मुलाला वडिलांच्या स्वाधीन केलें. त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातींत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनीं जी खटपट केली, तिच्यापायीं त्यांना स्वकीयांचाच रोष पत्करावा लागला. या प्रकरणांत मिशनऱ्यांची श्रद्धा खोटी नव्हती, आणि वडिलांचें दुःखही खोटें नव्हतें. परंतु बारा वर्षांच्या मुलाच्या मनावरून दोन बाजूंनीं दोर ओढले जावेत, हा प्रकार कोणत्याही शाळेला भूषणावह नाहीं.

पन्नास वर्षांनीं तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदासदन काढलें. तें मुख्यतः विधवांसाठीं होतें, त्यास प्राथमिक शाळा म्हणतां येणार नाहीं. परंतु वादाचा मुद्दा हाच होता. सदनांत धर्माच्या बाबतींत तटस्थता राहील असें आश्वासन होतें. तें पाळलें जात नाहीं असा आक्षेप निघाला, आणि १८९३ सालीं रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीं आपलें अंग काढून घेतलें. आपण कोणावर सक्ती केली नाहीं, परंतु स्वतःची प्रार्थना दार लावून करणार नाहीं, अशी रमाबाईंची भूमिका होती. कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. तरीही त्याच सदनांत शिकलेल्या गोदूबाई त्याच वर्षीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं विवाहबद्ध झाल्या, आणि कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कार्यांत त्यांनीं आयुष्यभर वाटा उचलला. शिकविणाऱ्याची श्रद्धा एक आणि शिकणाऱ्याची दुसरी असली तरी विद्येचें देणें-घेणें अडत नाहीं, हें त्यांनीं दाखवून दिलें.

या सर्व वादांतून हळूहळू एक मर्यादा निश्चित होत गेली. १८५४ च्या शैक्षणिक खलित्यानें खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचा मार्ग मोकळा केला. शाळेचा धर्म कोणताही असो, तपासणी व्हावयाची ती तिच्या लौकिक शिक्षणाची. पुढें १९५० सालीं अमलांत आलेल्या भारतीय राज्यघटनेनें ही मर्यादा अधिक स्पष्ट केली. तिच्या तिसाव्या अनुच्छेदानें धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढून चालविण्याचा हक्क दिला. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानें असें बजाविलें कीं, सरकारमान्य अथवा अनुदानित शाळेंत कोणालाही त्याच्या संमतीवांचून, आणि अज्ञान मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवांचून, धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसवितां येणार नाहीं. एक अनुच्छेद शाळेला स्वातंत्र्य देतो, दुसरा मुलाला. दोन्ही एकत्र वाचले म्हणजेच अर्थ पुरा होतो.

आतां आरंभीं उल्लेखिलेल्या तीन शहरांकडे वळूं. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ चें, म्हणजे इसवी सन १०६० चें. परंतु अंबरनाथची आजची वस्ती वाढली ती विसाव्या शतकांतील कारखान्यांमुळें. उल्हासनगर म्हणजे महायुद्धाच्या काळची कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथें सिंधमधून आलेले निर्वासित बराकींत राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या नगराची कोनशिला बसविण्यांत आली. उल्हास नदीकांठचें बदलापूर हें जुनें गांव. मुंबईंत घर न परवडणाऱ्या कुटुंबांनीं तें शहराच्या रूपास आणलें. तीनही ठिकाणीं बहुतेक लोक कोठून तरी उठून आलेले आहेत. एका बाकावर बसणाऱ्या तीन मुलांपैकीं एकाच्या पणजोबांनीं कराची सोडलेली असते, दुसऱ्याचे आजोबा घाटावरून आलेले असतात, तिसऱ्याचे वडील कालपरवां उत्तरेकडून आलेले असतात.

अशा गांवांतील ख्रिस्ती प्राथमिक शाळेनें काय शिकवावें? वाटेंत जखमी होऊन पडलेल्या माणसाला त्याच्या धर्मबांधवांनीं टाळलें आणि एका परक्या शोमरोनी माणसानें उचलून धर्मशाळेंत नेलें, ही येशूनें सांगितलेली गोष्ट या मुलांना सांगण्यासारखी आहे. ती ऐकण्यासाठीं कोणाला आपल्या देवाचें नांव बदलावें लागत नाहीं. निर्वासितांच्या नातवंडांना तर तिचा अर्थ लवकर कळेल. नाताळच्या गीतांबरोबर दिवाळी, ईद व चेटीचंड यांचीही माहिती त्याच वर्गांत मुलांना मिळावी. सणाच्या दिवशीं एकमेकांच्या घरचा फराळ खाल्लेलीं मुलें मोठेपणीं सहसा एकमेकांचीं डोकीं फोडीत नाहींत.

नीति शिकवावयाची ती मात्र फळ्यावर सुविचार लिहून शिकवितां येत नाहीं. वर्ग झाडण्याची पाळी सर्व मुलांना सारखी येऊं द्यावी. वकिलाच्या मुलालाही आणि हमालाच्या मुलालाही. ज्या देशांत केरसुणी कोणाच्या हातीं असावी हें जन्मावरून ठरत आलें, तेथें त्या पाळीएवढा प्रभावी धडा दुसरा नाहीं. सेवा म्हणजे वर्षांतून एकदां अनाथाश्रमांत फळें वांटून छायाचित्र काढणें, अशी मुलांची समजूत होऊं देऊं नये. शेजारच्या बाकावरचा मुलगा आजारी पडला तर त्याची वही कोण उतरून देतो, येथपासून सेवेला आरंभ होतो. शिस्तीचेंही तसेंच. पालक जिला शिस्त म्हणून वाखाणतात ती पुष्कळदां भीति असते. छडीचे दिवस गेले, आणि तें बरेंच झालें. बाई वर्गाबाहेर गेल्या असतांही जी टिकते तीच शिस्त.

या ध्येयाची कसोटी तीन ठिकाणीं लागते. पहिली भाषेची. आज अशा शाळा बहुतांशीं इंग्रजी माध्यमाच्या झाल्या आहेत. पालकांची मागणी तीच आहे, आणि इंग्रजीचा उपयोग कोणी नाकारीत नाहीं. २०२० च्या कायद्यानें महाराष्ट्रांतील सर्व शाळांत मराठी शिकविणें सक्तीचें केलें आहे. परंतु मराठीचा तास वेळापत्रकांत असणें ही एक गोष्ट आणि तिच्याविषयीं आदर असणें ही दुसरी. मधल्या सुटींत मुलानें मातृभाषेंत बोलावें आणि त्याबद्दल त्याला दंड व्हावा, हा प्रकार मार्गरेट विल्सन यांच्या वारसांना शोभणारा नव्हे. परदेशांतून आलेल्या बाईंनीं मुलांसाठीं ही भाषा शिकून घेतली. तीच भाषा मुलांनीं शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून यावी काय?

दुसरी कसोटी सुरक्षिततेची. बदलापुरांत २०२४ च्या ऑगस्ट महिन्यांत एका शाळेंतील चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराची वार्ता फुटली, आणि संतापलेल्या नागरिकांनीं लोहमार्ग अडवून धरला. ती शाळा ख्रिस्ती संस्थेची नव्हती. परंतु त्या दिवशीं प्रत्येक शाळेला प्रश्न विचारला गेला. शाळेची प्रतिष्ठा आणि एका मुलाची तक्रार यांत निवड करण्याची वेळ आली तर शाळा कोणाच्या बाजूला उभी राहील? बालकाला मध्यभागीं उभें करण्याचा अर्थ अशा वेळींच कळतो. मुलाचें म्हणणें ऐकून घेणारें माणूस शाळेंत नसेल, तर भिंतीवर कोणतीही तसबीर असली तरी तिचा कांहीं उपयोग नाहीं.

तिसरी आणि सर्वांत कठीण कसोटी दाराची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें खाजगी शाळांच्या पहिल्या वर्गांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठीं ठेविल्या. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्यांतून वगळलें. त्या निर्णयाविषयीं न्यायालयाच्याच एका पीठानें २०२५ सालीं शंका प्रगट केली आहे. कायद्याचा काथ्याकूट न्यायालयांत होईल तो होवो. विचार करण्याजोगा प्रश्न निराळाच आहे. ज्या परंपरेनें धारवाडच्या त्या मुलासारख्यांना पाटी दिली, तिच्या शाळेला गरिबाचें मूल घेण्यासाठीं कायद्याची सक्ती कशाला लागावी? कायद्यानें सूट दिली असेल. ती ध्येयानें दिलेली नाहीं. चाळींतल्या धुणें-भांडीं करणाऱ्या बाईचें मूल फीसाठीं परत जात असेल, आणि प्रवेशाच्या वेळीं आईबापांच्या इंग्रजीची परीक्षा होत असेल, तर ती शाळा उत्तम निकाल लावीत असूनही आपल्या उगमापासून दूर गेली असें खेदानें म्हणावें लागेल. इमारतीला, प्रयोगशाळेला व शिक्षकांच्या वेतनाला पैसा लागतो, हें खरें. परंतु भरणाऱ्यांच्या फीमधून न भरूं शकणाऱ्या कांहीं मुलांची सोय करणें अशक्य नाहीं. त्यासाठीं इच्छा मात्र पाहिजे.

पालकांनाही या बाबतींत कर्तव्य आहे. शाळा निवडतांना निकाल व गणवेष यांबरोबर त्यांनीं आणखी कांहीं प्रश्न विचारावेत. आमच्या मुलाच्या शेजारीं कोण बसेल? आमच्या घरच्या भाषेला व आमच्या देवाला येथें मान आहे काय? मुलानें तक्रार केली तर ती कोणापाशीं करावी? शेजारीं गरिबाचें मूल बसेल असें उत्तर मिळालें आणि तें ऐकून पालकच मागें सरले, तर मात्र शाळेला दोष देतां येणार नाहीं. शाळेचें दार पुष्कळदां आंतून नव्हे, रांगेंत उभ्या असलेल्या लोकांकडूनच लोटलें जातें.

जी शाळा मुलाला अक्षर देते, हाताला काम देते, मनाला दयेचें वळण देते आणि त्याचा विवेक त्याच्याच स्वाधीन ठेवते, तिनें आपलें ख्रिस्ती नांव सार्थ केलें असें समजावें. मग त्या मुलानें मोठेपणीं कोणत्याही मंदिरांत, मशिदींत, दरबारांत अथवा देवळांत हात जोडले, किंवा कोठेंच जोडले नाहींत, तरी चालेल. उल्हासनगरच्या बराकींच्या जागीं आतां इमारती उभ्या आहेत. बदलापूरचीं शेतें घरांखालीं गेलीं. शाळांचीं आवारें लहान झालीं. पहिल्या वर्गांत पाऊल टाकणारें मूल मात्र फॅरारबाईंच्या काळीं होतें तेवढेंच लहान आहे, आणि दारांत उभें राहून तें अजूनही आंत येऊं कां, असेंच विचारीत आहे.